मेहुण्याने मला विचारलं होतं

माझा मेहुणा कारकून आहे. पाणीखात्यात. वीस वर्षं एकाच खुर्चीवर बसून लोकांच्या तक्रारी उतरवून घेतो. खिशाला दोन पेनं, दुपारी डबा खाल्ल्यावर दहा मिनिटं चालायचं, आणि समोरच्याने आवाज चढवला की आपलंच काहीतरी चुकलं असा चेहरा करायचा. आमच्या हिचा धाकटा भाऊ. लग्नात पहिल्यांदा पाहिला तेव्हाच मी हिला म्हटलं होतं, तुझा भाऊ मुंगीलासुद्धा ‘जरा सरकता का’ असं विचारून पुढे जाईल. ही दोन दिवस बोलली नव्हती माझ्याशी. पण खोटं काय होतं त्यात?

असा हा माणूस त्रेचाळिसाव्या वर्षी घरात लेथ मशीन घेऊन आला, तेव्हा मी पोट धरून हसलो.

लेथ म्हणजे काय ते सांगतो. लोखंडाचा नाहीतर पितळेचा दांडा मशीनमध्ये घट्ट पकडायचा, गरगर फिरवायचा, आणि त्याला धारदार टूल लावून हव्या त्या मापापर्यंत सोलत न्यायचा. झालं. एकतीस वर्षं मी हेच करतोय. मी टर्नर. माझ्या शर्टाला तेलाचा वास येतो, नखं कितीही घासली तरी कडा काळ्याच राहतात, आणि तापलेली लोखंडाची साल उडून मनगटावर जे डाग पडलेत ते मोजायचं मी कधीच सोडून दिलं. पोटासाठी करतो म्हणून करतो. हौस म्हणून हे कुणी करेल, आणि तेही दिवसभर पंख्याखाली बसणारा माणूस, हे काही माझ्या डोक्यात शिरेना.

एक म्हातारा घड्याळजी दुकान बंद करत होता, त्याच्याकडून ह्याने ते मशीन उचललं. शिवणयंत्रापेक्षा थोडं मोठं, बस्स. मागच्या खोलीत इस्त्रीचं टेबल होतं ते हलवलं आणि तिथे मशीनची स्थापना झाली. त्याची बायको मला म्हणाली, “दाजी, तुम्हीच सांगा ह्यांना काहीतरी. तुमचं ऐकतील.”

“काळजी करू नकोस,” मी म्हटलं. “पंधरा दिवसांत हौस फिटेल. मग तिथे पुन्हा इस्त्री कर.”

नाही फिटली. ऑफिसातून आला की हा कपडे बदलून मागच्या खोलीत. आधी दोन महिने नुसता कचरा केला. टूल मोडली, पितळ फाडलं, एकदा तर चक, म्हणजे दांडा पकडणारा जबडा, आवळायची किल्ली चकमध्येच विसरला आणि मशीन चालू केलं. किल्ली सुटली ती थेट भिंतीत. डोकं तिथे नव्हतं म्हणून वाचलं. घाबरून मला फोन केला, तेव्हा मात्र मी गेलो. आईमाईवरून शिव्या घातल्या. बाह्या वर करायला लावल्या, बोटातली अंगठी काढायला लावली, आणि सांगितलं, ‘किल्ली हातातून सुटायची ती खुंटीवरच, मध्ये कुठेही नाही.’ त्याने ते वहीत लिहून घेतलं. हो, वही! कारकूनच तो. त्या वहीत रोजची चूक तारीखवार लिहिलेली. ‘टूल मधोमध नव्हतं, किंचित खाली होतं. त्यामुळे टोकाला न कापलेलं बोंडूक राहिलं.’ मी ती वही चाळली आणि हसलो. पण मनात म्हटलं, साल्या, हे मला कळायला दीड वर्ष लागलं होतं.

पुढचं सगळं सांगत बसत नाही. दोन वर्षांत हा कपाटांच्या मुठी करायला लागला, शेजाऱ्याच्या बंद पडलेल्या पंख्याचा बुश करून दिला, कुणाच्या शिवणयंत्राचा मिळेनासा झालेला स्क्रू हुबेहूब करून दिला. आणि एक पितळी भोवरा केला. तो त्याने मला दिला. “दाजी, तुमच्यामुळे शिकलो,” म्हणाला. माझ्यामुळे काय कपाळ शिकला होता! मी फक्त शिव्या दिल्या होत्या.

तो भोवरा मी वर्कशॉपमध्ये नेला. खरं सांगायचं तर हसं करायला नेला. जेवणाच्या सुट्टीत काढून म्हटलं, “बघा, आमच्या कारकुनाने काय दिवे लावलेत.” आमच्या वेल्डरने तो टेबलावर फिरवला. भोवरा उभा राहिला तो राहिलाच. फिरतोय की नुसता उभा आहे हेच कळेना. वेल्डरचा डबा संपत आला तरी भोवरा जागचा हलायला तयार नाही. तेवढ्यात मालक आला. हा मालक म्हणजे जुन्या मालकाचा मुलगा, मला काका म्हणतो. त्याने भोवरा उचलला, उजेडात धरला, नखाने कडेवरून चाचपून पाहिला.

“काका, हे कुणी केलं?”

“मेहुण्याने. हौस आहे त्याला.”

“हौस?” तो भोवऱ्याकडेच बघत होता. “आपल्याकडे असं काम शेवटचं कधी निघालं होतं हो?”

वेल्डरने डब्यात मान घातली. माझ्या कानशिलात बसल्यासारखं झालं. त्या वर्षात माझी दोन कामं परत आली होती. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू धरायला लागलाय असं डॉक्टर म्हणाला होता, आणि ते मी घरातही सांगितलं नव्हतं. मालकाला सांगायचा तर प्रश्नच नाही. टर्नरचे डोळे गेले की उरलं काय?

“त्यांना विचारा, येतात का,” मालक म्हणाला. “एक दिवस काम करून दाखवू दे. जमलं तर तुमच्या शेजारच्या मशीनवर घेऊ. तुम्हालाही आता आराम पडेल, काका.”

चांगल्या मनाने बोलला तो. पण ‘आराम’ हा शब्द मला खटकला. शेजारच्या मशीनवर आज शिरणारा माणूस उद्या कुठल्या मशीनवर येतो, हे मला कुणी शिकवायला नको. मी दोन दिवस घरी चकार शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी मालकाने पुन्हा विचारलं, तेव्हा नाइलाजाने मेहुण्याला सांगावं लागलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मोठा माणूस, पंचेचाळिशीला आलेला, पोरासारखा चष्मा काढून पुसत बसला.

आणि मग ह्या शहाण्याने काय करावं? परीक्षेच्या आधीच राजीनामा दिला! मी म्हटलं, “अरे गाढवा, आधी हात तर दाखव.” तर म्हणतो, “दाजी, अकरा वर्षं तो कागद पिशवीत घेऊन फिरतोय मी. दर पावणेदहाला त्या खुर्चीत बसताना वाटतं, आज देऊ. आता दिला नाही तर कधीच देणार नाही.” त्याचा हेडक्लार्क बरा माणूस. त्याने सांगितलं, सोमवारपर्यंत माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवतो, सोमवारी वर पाठवीन, एकदा वर गेला की परत मिळणार नाही. परीक्षा ठरली गुरुवारी. म्हणजे गुरुवारी आमच्याकडे जमलं नाही तरी कागद परत घ्यायला मधे तीन दिवस होते. जमलं तर सुटला.

बुधवारी तो आमच्याकडे जेवायला आला. जेवण कसलं, नुसता घास चिवडत होता. आमची ही त्याला वाढतेय आणि म्हणतेय, “अरे खा की, उद्या तिथे चक्कर येऊन पडशील.” तेव्हा त्याने मला विचारलं. कानाकोपऱ्यात नाही, ताटावर बसून, हिच्या समोर विचारलं.

“दाजी, तुमच्याकडच्या मशीनची डायल माझ्या मशीनसारखीच वाचायची ना?”

ह्यात काय आहे ते समजून घ्या, नाहीतर माझा गुन्हा तुम्हाला कळायचा नाही. टूल आत सरकवायच्या हँडलला एक डायल असते, तिच्यावर बारीक रेघा. त्याच्या घरच्या मशीनवर एक रेघ सरकवली की दांड्याची जाडी एक रेघ कमी होते. सरळ हिशेब. आमच्या जुन्या मशीनवर तसं नाही. तिथे एक रेघ म्हणजे टूल तेवढं आत जातं, आणि दांडा फिरता असल्यामुळे साल दोन्ही अंगांनी निघते. म्हणजे जाडी दोन रेघा कमी. काही मशिनं अशी, काही तशी. हे न विचारणारा माणूस मार खातो. ह्याने विचारलं होतं. दोन वर्षांत एवढं शिकला होता तो. मी त्याच्या घरी जाऊन ते मशीन चालवलं होतं, मला दोन्हींतला फरक स्वच्छ माहीत होता.

मी घास गिळला आणि म्हणालो, “हो, सारखीच.”

“झालं!” आमची ही म्हणाली. “दाजी सांगतायत ना? मग आता गुमान जेव.” आणि तो खरंच जेवला. दोनदा मागून घेतलं.

मी असं का केलं, असं तुम्ही विचाराल. ठरवून केलं का? देवाशप्पथ, तोंड उघडेपर्यंत मलाही माहीत नव्हतं मी काय बोलणार ते. पण बोलल्यावर दुरुस्त करायला अख्खी संध्याकाळ होती, आणि मी ते केलं नाही. भीती होती आणि जळफळाट होता, दोन्ही होतं. दुसरं काही कारण नाही.

गुरुवारी तो धुतलेला शर्ट घालून आला. बाह्या वर, अंगठी नाही. काम होतं एका मोठ्या धुलाईयंत्राच्या शाफ्टचं. झिजलेल्या जागी वेल्डरने भर घातली होती, मी ती रफ सोलून ठेवली होती, आणि नव्या माणसाने शेवटचा हात मारायचा अशी आमच्याकडची पद्धत. बेअरिंग बसायची जागा, तिथे केसभरही इकडेतिकडे चालत नाही. मी चाळीस रेघा जास्त ठेवल्या होत्या. त्याने मायक्रोमीटर लावला, तीनदा मोजलं, चाळीस बरोबर काढले. मग इकडेतिकडे बघत म्हणाला, “एखादा टाकाऊ तुकडा मिळेल का? आधी त्याच्यावर एक कट घेऊन बघतो.”

म्हणजे बघा, माझ्या शब्दावर विसंबूनही तो खात्री करायला निघाला होता. तुकडे पायाखाली ढीगभर पडले होते. मी म्हटलं, “मालक घड्याळ बघतोय. शाफ्ट लावलेला आहे, कशाला काढघाल करतोस? सुरू कर.”

मालक घड्याळ वगैरे बघत नव्हता. तो वेल्डरशी बोलत होता.

मेहुण्याने सावधपणाच केला. चाळीस एकदम नाही घेतले. तीस घ्यायचे, दहा ठेवायचे, मोजायचं, मग ते दहा. शिकलेला माणूस असंच करतो. त्याने डायल तीस रेघा फिरवली आणि कट लावला. मला साल दिसली. जाड, निळी पडलेली साल, सुटतेय, वेटोळी होऊन खाली पडतेय. मी तोंड फिरवलं आणि मालकाकडे बघत राहिलो.

तिसाच्या जागी साठ गेले. जागा वीस रेघांनी बारीक झाली. मालकाने बेअरिंग आणून चढवून पाहिलं, ते ढिलं होऊन हातात खुळखुळलं. मालक चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने बेअरिंग काढलं, पुसलं आणि मेहुण्याला म्हणाला, “पुन्हा भर घालता येईल, त्याचं काही नाही. पण तुम्हाला ह्या मशीनचं कुणी सांगितलं नव्हतं का?”

आता हा बोलणार. ‘विचारलं होतं, दाजी सारखीच म्हणाले’, एवढंच. बहीण साक्षीला होती.

मेहुणा माझ्याकडे बघून म्हणाला, “दाजींनी सांगितलं होतं. माझ्याच डोक्यातून गेलं.”

“असं विसरून इथे चालत नाही हो,” मालक म्हणाला. “हौस म्हणून छान आहे तुमचं. हौस म्हणूनच ठेवा.”

तो सगळ्यांना नमस्कार करून गेला. वेल्डरने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, “वाईट वाटलं असेल तुम्हाला.” मी तो हात झटकून टाकला.

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या हिने भावाला फोन लावला आणि फैलावर घेतलं. “तुला ह्यांनी माझ्यासमोर...” असं म्हणून ती थांबली. आठवत होती बिचारी. डायलबियल तिला काय कळणार? “ह्यांनी सगळं समजावलं होतं ना तुला? कुठे असतं रे लक्ष तुझं? ह्यांची मान खाली गेली तिथे.” पलीकडून तो ‘हो ताई, चुकलं ताई’ एवढंच म्हणत होता, मला इकडे ऐकू येत होतं. मी समोर पेपर धरून बसलो होतो. एक अक्षर वाचलं नाही.

शनिवारी सकाळी मी मालकाच्या केबिनमध्ये गेलो आणि सांगून टाकलं. सगळं. डायलचं, तुकड्याचं, डोळ्याचंसुद्धा. लाज वाटली म्हणून सांगितलं, त्यात मोठेपणा काही नाही. झोप नव्हती, जेवण नव्हतं, आणखी दोन दिवस गेले असते तर मीच त्या मशीनमध्ये हात घालून बसलो असतो. मालक बराच वेळ टेबलावरचे कागद सरळ करत बसला.

“काका, तुम्ही मला लहानपणी खांद्यावर घेऊन फिरवलंय,” तो शेवटी म्हणाला. “दुसरा कुणी असता तर आज घरी पाठवला असता.” मग म्हणाला, “त्यांना सोमवारी यायला सांगा. परीक्षा नको, कामावरच या म्हणावं. शेजारचं मशीन देतो.”

मी रविवारी सकाळीच त्याच्या घरी गेलो. वाटेत मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. तो टेबलाशी बसून अर्ज लिहीत होता. राजीनामा मागे घेण्याचा. अक्षर नेहमीसारखंच सुबक. त्याच्या बायकोने चहा आणून ठेवला. मी कपाला हात न लावता सगळं बोलून गेलो. खोटं बोललो, मुद्दाम बोललो, तुकडाही घेऊ दिला नाही. मालकाला सांगितलंय, सोमवारी तुला बोलावलंय, परीक्षा नाही, काही नाही.

“मला माहीत होतं,” तो म्हणाला.

“केव्हापासून?”

“कट चालू असताना. साल जाड निघाली तेव्हाच कळलं. मी हात काढून वळून बघितलं. एरवी अशी साल निघाली की तुम्ही टूलकडे बघाल, दाजी. तुम्ही मालकाकडे बघत होतात.”

“मग बोलला का नाहीस? तिथेच बोलायचं होतंस की!”

“ताईच्या नवऱ्याचं नाव घेऊ मालकासमोर?”

मी म्हटलं, “झालं गेलं. मी पाया पडतो तुझ्या. पण तू उद्या ये. ही संधी सोडू नकोस. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मी आता कबूल करतो.”

हे ऐकून त्याचा चेहरा जरा उजळला. खरंच उजळला. त्याने पेन खाली ठेवलं. मला वाटलं, जमलं. मग त्याने विचारलं, “मशीन कुठलं म्हणाले?”

“माझ्या शेजारचं.”

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. बायको दाराला टेकून उभी होती.

“दाजी, राग नाही माझ्या मनात,” तो म्हणाला. “पण तुम्ही सांगाल ते मला दर वेळी मोजून बघावं लागेल. नवीन माणूस मी, शेजाऱ्याला विचारल्याशिवाय माझं चालायचं नाही. आणि तुम्हाला विचारलं की आधी हेच आठवणार. रोज आठ तास असं माझ्याच्याने नाही होणार.”

ह्यावर एकच उत्तर होतं. मी सोडतो, तू माझ्या जागेवर ये. छप्पन्न वर्षांचा, एक डोळा अधू झालेला माणूस मी. मालकाने हसत हो म्हटलं असतं. मुलगी नोकरीला लागलीय, आमचं दोघांचं कसंही भागलं असतं. हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, शपथेवर सांगतो. तोही थांबला होता. त्याने पेन अजून उचललं नव्हतं. त्याची बायको माझ्याकडे बघत होती, आणि तिला नक्की कळलं होतं मी काय बोलू शकतो ते.

मी चहाचा कप उचलला. चहा गार झाला होता. म्हणालो, “बघ बाबा. तुझी मर्जी.”

त्याने मान हलवली, अर्ज पुढे ओढला आणि खाली सही केली.